यॉबला मराठीत काय म्हणावं?

पिंपळपान: इंग्लंडमधल्या एका कादंबरीचं भाषांतर करतेय. शनिवारची सकाळ, बसथांब्याची काच फुटलेली, आणि सत्तरीची शेजारीण म्हणते, 'त्या यॉब्जचंच काम हे.' मी 'टारगट पोरं' लिहिलं. संपादकांनी खोडून 'समाजकंटक' केलं. दारात उभी राहून म्हातारी बाई 'समाजकंटक' म्हणेल? पुढे हूलिगन, थग आणि चॅवही आहेत, त्यामुळे एकाच शब्दावर भागणार नाही.

अडकित्ता: समाजकंटक फक्त बातमीत राहतात, तेही 'अज्ञात'. यॉब म्हणजे बॉय उलटा वाचलेला. एकोणिसाव्या शतकात लंडनचे फेरीवाले गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून शब्द उलटे बोलत, त्यातला हा. आधी अर्थ नुसता पोरगा, वाह्यातपणा मागाहून चिकटला. सरळ 'कार्टी' लिहा.

रामप्रहर: कार्टी नको. आमची आजी हा शब्द घरात उच्चारू द्यायची नाही. कारटा म्हणजे दहाव्याचं क्रियाकर्म करणारा, भरल्या घरात त्याचं नाव कशाला, म्हणायची. शिवाय कार्टं आपल्याच पोराला म्हणतात. दुसऱ्याच्या पोराला म्हटलं तर भांडण.

नळदुर्गचा: थगला कृपा करून ठग लिहू नका. शब्द आपल्याकडूनच गेला, पण तिकडे जाऊन पार बदलला. ठग गोड बोलून फसवतो. 'ठकास महाठक' यात हाणामारी कुठे आहे? 1830 च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवली, त्याच्या हकिकती विलायतेत चवीने वाचल्या गेल्या. तिथल्यांना ठगांचा गळा आवळायचा रुमाल तेवढा आठवत राहिला, गोड बोलणं विसरलं. आज त्यांचा थग म्हणजे आपला गुंड.

लोणचंभात: आणि गुंडावरूनच इंग्रजी गून आला ना? कॉलेजात सरांनी सांगितलं होतं.

अडकित्ता: सरांनी ठोकून दिलं. पॉपायच्या चित्रमालिकेत गून नावाची धिप्पाड पात्रं होती, त्यांच्यामुळे 1930 च्या दशकात तो शब्द रुळला. मग संप मोडायला आणलेल्या भाडोत्री दांडगटांना लावू लागले. आपला गुंडा इंग्रजीत गेला तो वेगळा. 1923 मध्ये बंगालात गुंडांच्या नावानेच कायदा झाला होता.

जुना वाडा: हूलिगनबद्दल एक. 1898 च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि घरोघरी पोचवला. आयरिश आडनावावरून आला असं बहुतेक मानतात. म्हणजे दंगा दोनचार पोरांचा आणि डाग आख्ख्या आडनावाला. यावर हसण्याआधी आपला 'भामटा' पाहा. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही 'राजपूत भामटा' हे नाव आहे, आणि आपण सकाळी चहासोबत 'भामट्याने मंगळसूत्र लांबवले' वाचतो. पिंपळपान, हा शब्द तेवढा टाळा.

लोणचंभात: भामटा नको, कार्टी नको, ठग नको. मवाली तरी चालेल का? तो मावळातला, अस्सल आपला.

अडकित्ता: मावळातले ते मावळे. मवाली अरबी आहे, मौलाचं अनेकवचन.

लोणचंभात: म्हणजे शुद्ध मराठीत कुणाला नावं ठेवायची सोयच नाही!

नळदुर्गचा: चॅव राहिला. 2004 च्या आसपास ब्रिटनमध्ये फार गाजला. ट्रॅकसूट, चौकटीची टोपी, हातात बिअर, असं चित्र. 'कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या पालिकेच्या) घरात राहणारे हिंसक' अशी आद्याक्षरांची फोड लोक सांगतात, ती नंतर जुळवलेली. मूळ रोमानी भाषेतलं. तिच्यात चावो म्हणजे मुलगा. रोमानी मूळची इकडचीच भाषा, म्हणून तिचा चावो आणि आपला छावा एकाच प्राकृत घरातले. चुलतभाऊच म्हणा.

रामप्रहर: छावा शब्द इथे ओढायची काय गरज होती? कुणाचं बिरुद आहे ते, ठाऊक आहे ना?

नळदुर्गचा: हत्तीच्या पिल्लालाही छावाच म्हणतात. शब्दाचं कूळ सांगितलं, अपमान कुणाचा केला नाही.

रामप्रहर: सगळीच कुळं चव्हाट्यावर सांगायची नसतात.

जुना वाडा: भांडा तुम्ही. मी काही वर्षं बाल न्याय मंडळाच्या कामाला जात असे. कागदावर गुन्हेगार, आरोपी असं लिहायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहायचं. हेतू चांगलाच आहे. पण एका पोराने मला कागद दाखवून विचारलं होतं, 'काका, मला हा कुठला रोग झालाय?' ग्रस्त म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार.

लोणचंभात: वांड लिहा. साताऱ्याकडे चालतो.

अडकित्ता: वांडमध्ये अर्धं कौतुक असतं. शेजारीण नुसती चिडलीय की मनातून थोडं कौतुकही आहे, त्यावर ठरेल.

पिंपळपान: चांगलीच चिडलीय. काच फोडणाऱ्यांत तिचा नातू होता, हे तिला पुढच्या प्रकरणात कळतं.

अडकित्ता: आधी सांगायचं की! मग कार्टीच.

रामप्रहर: भरल्या घरात नको म्हटलं ना.