मेक्सिको, आईला घेऊन, १२ दिवस, पूर्ण शाकाहारी. जमेल का?

रामबागची_पोर:
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, मी, नवरा आणि माझी आई (वय ६८, गुडघे ठीकठाक, जीभ मात्र एकदम तेज). ऑक्टोबरच्या शेवटी मेक्सिकोला जायचं डोक्यात आहे कारण यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे आणि त्याआधी परत येऊन फराळाला लागायचंय. नवऱ्याकडे आणि माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, आईकडे काहीच नाही. ट्रॅव्हल एजंट म्हणतो कानकुनला ७ रात्री रिसॉर्ट घ्या, सगळं पॅकेजमध्ये. पण समुद्रच बघायचा तर गोवा काय वाईट आहे? मला पिरॅमिड, जुनी शहरं, आणि ते मेलेल्या माणसांचा सण करतात ना, ते बघायचंय. आईला नाव सांगितलं तर म्हणाली "अगंबाई, सणासुदीच्या तोंडावर हे काय अभद्र!" कोणी गेलंय का? आईनं खायचं काय?

पोहे_विदाउट_जिलेबी:
ताई, मी कंपनीच्या कामाने दोन वर्ष तिकडे राहून आलोय, त्यामुळे जरा लांबड लागेल. आधी व्हिसा. तुमचा अमेरिकेचा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आईंचा मात्र मेक्सिकोच्या वकिलातीतून काढावा लागेल, तो आधी करा, तिकिटं मग. आणि तिकीट अमेरिकेतून नको, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आईंची अडचण होईल. इस्तंबूलकडून बघा. घड्याळात साडेअकरा तासांचा फरक आहे, म्हणून पहिले दोन दिवस रिकामे ठेवा, त्यातून मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे, जिना चढला की दम लागतो.

आता खाणं. अडचण मटणाची नाही हो, ते दिसतं तरी, अडचण न दिसणाऱ्याची. घेवड्याच्या उसळीसारखं दिसतं त्यात डुकराची चरबी, साध्या लाल भातात कोंबडीचं पाणी. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका" पाठ करा, म्हणजे मटण नको, कोंबडी नको, चरबी नको. भाताला आणि सूपला "काल्दो दे पोयो" आहे का तेही विचाराच. बाकी मजा आहे, भोपळ्याच्या फुलांची केसाडिया (आत सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी), निवडुंगाची भाजी (नोपाल, भेंडीसारखी थोडी बुळबुळीत), आणि रस्त्यावर भाजलेलं कणीस त्यावर लिंबू आणि तिखट. त्याला मेयोनेज फासतात ते नको म्हणून सांगा. इंदूरच्या सराफा बाजारात आपण भुट्ट्याचा कीस खातो ना, तो मका मूळचा त्यांचाच. मिरची, टोमॅटो, चिकू, सगळं तिकडूनच आलंय, आई म्हणतील आपलंच जेवण आहे फक्त फोडणी द्यायला विसरलेत.

सुदामानगरचा_भाऊ:
एवढे पैसे खर्चून दगडं बघायला जायचं? मांडू ९०-१०० किमीवर आहे भिया, तिथे पण दगडंच आहेत, संध्याकाळी घरी. 😄

रामबागची_पोर:
भाऊ, मांडू शाळेपासून सात वेळा झालंय. आठव्यांदा तुम्ही घेऊन चला.

वर्ध्याचा_जावई:
पांडुरंग खानखोजे कोणाला माहिती आहेत का? वर्ध्याचे, गदर चळवळीतले, इंग्रजांमुळे देश सोडावा लागला आणि फिरत फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे आणि मक्याच्या नव्या जातींवर काम करायचे. दिएगो रिवेरा, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा भित्तिचित्रकार, त्याने त्यांना चित्रात घेतलंय! मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत ते चित्र आहे, टेबलाभोवती लोक बसलेत आणि पाव मोडून वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. मी तिथे उभा राहिलो आणि खरं सांगतो, घसा दाटला. शेजारच्या गोऱ्या बाईला इंग्रजीतून सांगायला गेलो तर तिला वाटलं मी गाइड आहे, तिने टिप दिली.

ती इमारत झोकालो चौकाच्या जवळच आहे. त्याच चौकाच्या कोपऱ्यावर तेम्प्लो मायोर, १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार खणत होते आणि खाली देवीची भलीमोठी दगडी चकती लागली, मग उकरता उकरता अझ्टेकांचं (स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणारे लोक) अख्खं देऊळ निघालं. मानववंशशास्त्राचं संग्रहालय सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. त्यात २४ टनांचा सूर्यशिळा आहे, सूर्यशिळा स्त्रीलिंगी का पुल्लिंगी माहीत नाही, पण बघून या.

काकू_लोकमान्यनगर:
पोरी, आईला सांग अभद्र काही नाही. मी मागे लेकीकडे गेले होते तेव्हा बघितलं. घरात पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी करतात, आपण गौरीपुढे करतो तशी, त्यावर गेलेल्यांचे फोटो, त्यांना आवडायचं ते खाणं, पाणी, मेणबत्त्या, आणि झेंडूच झेंडू. दारापासून पाकळ्यांची वाट, म्हणजे आलेल्याला घर सापडावं. १ नोव्हेंबर लहान मुलांसाठी, २ मोठ्यांसाठी. आपल्या पितृपक्षात पान ठेवतो तेच की, फक्त आपण गप्प बसून जेवतो आणि हे लोक गाणी म्हणतात. एका घरी आजोबांच्या फोटोपुढे सिगारेट ठेवली होती, विचारलं तर म्हणे तेवढंच मागायचे. आणि झेंडू हे फूलच मूळ मेक्सिकोचं, आपल्या दसऱ्याला नंतर आलं, मला तर विश्वासच बसेना.

पोहे_विदाउट_जिलेबी:
काकू, बरोबर. त्यासाठी वाहाकाला जा ताई, मेक्सिको सिटीहून विमानाने तासाभरात. राजधानीतली मोठी मिरवणूक २०१६ पासूनची आहे, एका सिनेमात दाखवली म्हणून खरी सुरू केली 😅 बघायला चांगली, पण वाहाकात ३१ ला रात्री स्मशानात घरचे लोक थडग्यांजवळ बसलेले असतात, ते वेगळंच. फोटो विचारून काढा. खोली आत्ताच बुक करा, त्या आठवड्यात दर भलतेच चढतात.

मग तीन दिवस युकातान. मेरिदाला राहून चिचेन इत्झा, म्हणजे माया लोकांचं जुनं शहर, तिथल्या पिरॅमिडला चारी बाजूंनी ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, झाले ३६५. चढू देत नाहीत, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांचा प्रश्नच नाही. सकाळी दार उघडताना पोचा, नंतर कानकुनच्या बसेस येतात. जवळपास सेनोते असतात, चुनखडीचं छत कोसळून झालेल्या विहिरी, पाणी निळंशार. नवऱ्याला उतरू द्या, आईंना काठावर बसवा. लाखो फुलपाखरांचं जंगल कोणी सुचवेल तर या ट्रिपला नको, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती नुकती येत असतात आणि उंची ३,००० मीटरच्या आसपास.

रामबागची_पोर:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! ठरलं, ४ दिवस सिटी, ४ वाहाका, ३ मेरिदा, रिसॉर्टवाल्या एजंटला नाही म्हणून सांगितलं. आईला काकूंचं वाचून दाखवलं, ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली "तुझ्या बाबांचा फोटो घेऊन जाऊ आणि शेवेचं एक पाकीट." आता तिची एक शंका आहे, भाकरीसारखी ती तोर्तिया करताना मका चुन्यात भिजवतात असं तिने कुठेतरी वाचलंय, खरं का?

पोहे_विदाउट_जिलेबी:
खरं आहे, चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग सालं सुटतात आणि पीठ छान मळलं जातं.

रामबागची_पोर:
आई विचारतेय, पानाला लावतात तोच चुना?

पोहे_विदाउट_जिलेबी:
हो, सांगा आईंना, तोच 😄