५८००एक्स की ५८००एक्सथ्रीडी? दोन्ही वापरलेल्यांनी लिहा

माझ्याकडे एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आहे आणि त्याच्याबद्दल खरं तर तक्रार नाही. पण एप्रिल २०२२मध्ये आलेला ५८००एक्सथ्रीडी मदरबोर्डवरच्या त्याच एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसतो, त्यामुळे मन चाळवतंय. कागदावर ८ कोअर, १६ थ्रेड, १०५ वॅट टीडीपी (कूलरला किती उष्णता पेलायची त्याचं माप), इथवर दोघं जुळे भाऊ. पुढे मात्र थ्रीडीचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्‌झवरून ४.५वर उतरतो आणि एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद साठवण, ३२ एमबीवरून ९६वर चढते. घेतलं किती आणि दिलं किती, हे दोन्ही हाताळलेल्यांकडून ऐकायचंय. आलेख बघून डोळे शिणले, ते नकोत. काम काय करता, आधी कसं चालायचं, नंतर कसं चाललं, एवढंच सांगा. मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री विमानं उडवतो. खुर्चीत बसून.

*

विमानं उडवता ना, मग विचार कसला करताय? मीही त्याच रोगाचा. साध्या एक्सवर मोठ्या विमानतळावर उतरताना सेकंदाला ३५-४० फ्रेम (चित्रं) मिळायच्या, थ्रीडीवर ५०च्या आसपास मिळतात. पण आकड्यापेक्षा मला सुख वेगळंच लागलं. पूर्वी धावपट्टी समोर आली की नेमकं त्याच क्षणी चित्र अडखळायचं, हात स्टिकवर आखडायचे. सरासरीत ते अडखळणं दिसतच नाही, कारण सेकंदाला दोनच फ्रेम उशिरा आल्या तरी सरासरी फारशी हलत नाही. सर्वांत वाईट १ टक्का फ्रेम काय म्हणतात ते बघा. माझ्याकडे खरा फरक तिथे पडला.

*

आता उलटी बाजू. माझं काम त्रिमिती रेंडरिंगचं. मोठ्या हौसेनं थ्रीडी बसवला आणि साध्या एक्सवर तासाभरात होणारा रेंडर दोन-तीन मिनिटं उशिरा होऊ लागला. मिनिटं फार नाहीत, पण नवीन वस्तू घेऊन मागे जायचं म्हणजे जिवावर येतं. या कामात आठही कोअर सतत आकडेमोड करत असतात आणि लागणारा बराचसा डेटा आधीच हाताशी असतो. जादा कॅश नुसती बसून राहते, कमी झालेला घड्याळवेग मात्र प्रत्येक क्षणी जाणवतो. शेवटी थ्रीडी घरातल्या खेळाडू मंडळींना दिला आणि जुना परत लावला. ती मंडळी खूश, मीही खूश.

*

४के पडदा, सगळ्या सेटिंग वर. फरक शून्य. ग्राफिक्स कार्डच दमलेलं असतं, प्रोसेसर बदलून काय होणार.

*

माझी फजिती सांगतो, कुणाचा तरी वेळ वाचेल. थ्रीडी बसवला, तीच चाचणी घेतली, आकडे जेमतेम वाढले. दोन दिवस 'हा सगळा प्रचार आहे' असं ज्याला त्याला सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी सहज रॅमचा वेग पाहिला: २१३३! माझी रॅम ३६००ची. थ्रीडी ओळखता यावा म्हणून मदरबोर्डवर नवं बायोस (त्याची मूळ प्रणाली) चढवलं होतं, त्यात एक्सएमपीची, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवण्याची, निवड पुसली गेली होती. म्हणजे मी ३६०० रॅमवरच्या साध्या एक्सची तुलना २१३३ रॅमवरच्या थ्रीडीशी करत होतो, आणि तरीही थ्रीडी थोडा पुढेच होता.

त्या चुकीतूनच मला ही कॅश कळली. हवी ती माहिती एल३मध्ये सापडली तर साधारण १०-१२ नॅनोसेकंदांत हाती येते. रॅमपर्यंत जावं लागलं तर ६०-७० लागतात, आणि रॅम मंदावली असेल तर त्याहून जास्त. हाताशीचा डबा आणि माळ्यावरचा डबा यांच्यात असतो तसाच हा फरक. थ्रीडीला माळ्यावर कमी वेळा चढावं लागतं, म्हणून मंद रॅम त्याला तेवढी बोचत नाही. साध्या एक्ससोबत मात्र रॅम जपून निवडावी लागते.

*

फॅक्टोरिओ खेळणारं कुणी आहे का इथे? तो खेळ सेकंदाला ६० वेळा सगळ्या कारखान्याचा हिशोब करतो. पट्टे, यंत्रं, यांत्रिक हात, एकूण एक. साध्या एक्सवर माझा मध्यम कारखाना ६०च्या खाली रखडायला लागला होता, थ्रीडीवर तोच आरामात धावला. मी चेकाळून कारखाना वाढवत नेला आणि एका टप्प्यानंतर पुन्हा रखडलो. पसारा ९६ एमबीत मावेनासा झाला की प्रत्येक फेरीला रॅमची वारी आलीच. पुढे थ्रीडीची आघाडी वितळत जाते. तेव्हा 'किती पट वेगवान' असं विचाराल तर मी आधी तुमचा कारखाना केवढा आहे ते विचारीन.

*

बसवणाऱ्यांसाठी. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला की वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. माझा आला. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या, घड्याळजीसारखा अर्धी रात्र सरळ करत बसलो. आधी मशीन दहा मिनिटं तापवा, बंद करा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

तापमानाचंही सांगतो. थ्रीडीत ६४ एमबीचा जादा थर मूळ चिपच्या डोक्यावर बसवलाय, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट कमी. म्हणूनच त्याचा व्होल्टेज आवरलेला आहे आणि गुणक (ज्यानं घड्याळवेग ठरतो तो आकडा) कुलूपबंद आहे. वेग वाढवायची हौस असेल तर साधा एक्सच घ्या. पुढे ९८००एक्सथ्रीडीत तो थर कोअरच्या खाली नेला आणि कुलूपही निघालं. माझा थ्रीडी सगळे कोअर राबवताना ८५ अंशांवर जातो. ९०ची मर्यादा ठाऊक होती, तरी पहिल्या दिवशी धडकी भरलीच.

*

कोडबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मोठा प्रकल्प मुळापासून कंपाइल करताना दोन्हींत फरक इतका कमी पडला, की एकदा हा पुढे, एकदा तो. त्यासाठी बदलू नका. विमानांसाठी बदलणार असाल तर आधी एक करा. जिथे अडखळतं तिथे थांबून पडद्याचं रिझोल्यूशन निम्मं करा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडवत होतं. आहे तिथेच राहिल्या तर प्रोसेसर.

*

मीच, ज्यानं विचारलं होतं तो. काल रात्री रिझोल्यूशन निम्मं करून त्याच विमानतळावर उतरलो. आधी ३७, नंतर ३८. तेव्हा थ्रीडी मागवलाय. कंपाइलसाठी नाही, हे स्वतःला नीट बजावून. तो येईपर्यंत बायोस चढवून ठेवावं म्हटलं. चढवलं, मशीन सुरू केलं आणि आधी रॅमकडे पाहिलं.

२१३३.