घटनेची मूलभूत चौकट: शेवटचा शब्द न्यायालयाचा की संसदेचा?

गंगापूररोडकर
घटनेच्या मूलभूत चौकटीला, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या तत्त्वांना, संसदेने हात लावायचा नाही, हे आपण गृहीतच धरून चाललोय. घटनादुरुस्तीचं कलम ३६८ वाचून बघा, ही अट त्यात कुठेच नाही. २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती खटल्यात ती आली, तीही ७ विरुद्ध ६ अशा मतांनी. चौकटीत काय येतं याची यादीही नाही, खटल्यागणिक ती ठरते. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणूक आयोगाची ९९वी घटनादुरुस्ती रद्द झाली. संसदेने केलेली, निम्म्या राज्यांनी मान्य केलेली! घटनादुरुस्ती रद्द करायला निदान दोन तृतीयांश न्यायाधीश तरी हवेत.

पंचवटीतून
दादा, तो २०१५ चा निकाल ४ विरुद्ध १ होता, म्हणजे तुमच्या अटीतही बसला असता. आणि १९७५ विसरू नका. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली, अपील चालू होतं, तेवढ्यात ३९वी दुरुस्ती करून तो वादच न्यायालयाच्या हाताबाहेर नेला. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर खोडलं. खोडणाऱ्यांत न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूडही होते, १९७३ ला अल्पमतात असलेले! हे तत्त्व नसतं तर ती दुरुस्ती कोणी अडवली असती? काळारामाच्या गावात राहून बहुमतावर इतका भरवसा कसा ठेवता? १९३० ला मंदिरप्रवेशासाठी दलित सत्याग्रही दारात उभे होते तेव्हा गावातलं वजनदार मत कोणाच्या बाजूने होतं?

गंगापूररोडकर
पण मंदिरप्रवेशाचा मुंबई प्रांताचा १९४७ चा कायदा विधिमंडळानेच केला ना? सुधारणा लोकप्रतिनिधींकडूनही होतात, हेच मी म्हणतोय. ३९व्या दुरुस्तीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य.

निफाडचा कांदावाला
दोघांनाही विचारतो, निकाल लागायचा कधी? नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. आमच्याकडे लिलाव रोखीवर चालायचे, मजुरांना द्यायलाही पैसे नव्हते. घटनापीठाचा निकाल आला २ जानेवारी २०२३ ला. नोटाबंदी वैध ठरली, ४ विरुद्ध १. समजा उलटा लागला असता, तर काय परत मिळणार होतं? पक्षांना निनावी देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांचंही तेच. योजना २०१८ ची, घटनाबाह्य ठरली फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर लोकसभेची एक निवडणूक होऊन गेली होती. चौकटीवर तुम्ही खुशाल भांडा, मला ही दिरंगाई जास्त धोक्याची वाटते.

पंचवटीतून
भाऊ, इथे तुमचंच खरं. कलम १४५(३) प्रमाणे घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न किमान ५ न्यायाधीशांपुढे जावा लागतो. पण सर्वोच्च न्यायालयाचं रोजचं काम दोन-तीन जणांच्या खंडपीठांत चालतं, वर देशभरची अपिलं तुंबलेली. त्यात पाच जणांना एकत्र बसवायचं कधी, हे सरन्यायाधीश ठरवतात. कायमचं घटनापीठ हवं आणि अशा खटल्यांना ठरलेली मुदत हवी.

गंगापूररोडकर
मुदतीला माझा पूर्ण पाठिंबा. पण कोणता खटला कधी घ्यायचा आणि कोणासमोर लावायचा, हे एकट्या सरन्यायाधीशांच्या हातात का असावं? त्याचा नियम लेखी आणि सगळ्यांना वाचता येईल असा हवा. संसदेला मर्यादा घालणाऱ्या न्यायालयाने हे स्वतःलाही लावून घ्यावं.