अनुभव धागा: कार्ड टेकवलं, गेट काही उघडलं नाही

खेड्यावरचा (ता. दर्यापूर)

एसटीत कसं असते, चढलं की आधी सीट पकडायची, मग कंडक्टर आपल्यापाशी येते, कुठं जायचं विचारते, पैसे घेते, तिकीट देते, विषय संपला. उतरताना कोणी काही विचारत नाही, चेकिंगवाले चढले तर गोष्ट वेगळी. मेट्रोचं नेमकं उलटं आहे. आत जाताना कार्ड टेकवलं तर मशीन फक्त तुम्ही कुठून चढले तेवढं लिहून घेते, पैसे किती कापायचे थे बाहेर निघतानी ठरते. आपल्या लोकांची गडबड होते ती इथंच, अन् हे कोणी धड सांगतही नाही, घोषणा चालू राहतात फक्त.

नागपूरची मेट्रो २०१९ ले सुरू झाली. आता गावातले लोक मेडिकलले (तिथल्या सरकारी दवाखान्यात), कोर्टात, पोरीच्या अ‍ॅडमिशनले जातात तेव्हा बरेच जण तिच्यात बसतातच. म्हणून म्हटलं धागा काढावा. घरचे, शेजारचे, गाडीत पाहिलेले किस्से लिहा. कार्ड, क्यूआर, रिचार्ज, हाफ तिकीट, झिरो तिकीट, काहीही चालेल. फक्त "खेड्यातले लोक अडाणी" टाइपचे विनोद नको, थे फॉरवर्ड सगळ्यांच्या फोनमध्ये पडलेलेच आहेत.

अचलपूरकर

आमच्या काका-काकूचं सांगतो. एका मोठ्या शहरात पोराकडं गेले होते, तिथं मेट्रोचं कागदी तिकीट मिळालं, क्यूआरवालं. आत जाताना पोरानंच स्कॅन करून दिलं अन् तो गाडीनं पुढच्या स्टेशनवर घ्यायला गेला. स्टेशन इतकं चकाचक की काकूले वाटलं आता या चिठ्ठ्या हातात धरून कायले फिरायचं, दोन्ही डब्यात टाकून दिल्या. मग उतरल्यावर गेट काही उघडेना, काका आतून, पोरगा बाहेरून, मधात काच, अन् काका मोठ्यानं सांगून राह्यले की तिकीट काढलं होतं रे, तुझ्या समोरच तर काढलं.

शेवटी केबिनमध्ये पैसे भरून सुटका झाली. त्यातून एक कळलं थे सगळ्यांच्या कामाचं आहे, गेटच्या बाजूले जी काचेची केबिन असते तिले आतल्या बाजूनंही खिडकी असते. अडकले तर गेटशी भांडायचं नाही, सरळ त्या खिडकीवर जायचं. काकू आता एसटीचं तिकीटही घरी येईस्तोवर बटव्यात ठेवते.

आर्वीचा पोट्टा

माहा भाऊ डावरा आहे. कार्ड टेकवाची जागा उजव्या हाताले असते, याने सवयीनं डाव्या बाजूच्या खांबावर टेकवलं. गेट उघडलं ना बे, पण बाजूचं! तिथून एक सुटाबुटातला माणूस निघून गेला अन् हा तिथंच उभा. वरून परत टेकवलं तर लाल, कारण कार्डाच्या हिशेबानं हा आत गेलेलाच आहे.

मूर्तिजापूरवाला

माझा प्रॉब्लेम गेटचा नाही, रिचार्जचा आहे, अन् यात शिकलेले लोकही फसतात म्हणून थोडं लांबडं लिहितो. ते सगळीकडं चालणारं कार्ड आहे ना, रुपेचं एनसीएमसी, २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालं थे. आमच्या साळ्याले बँकेतून एटीएम कार्ड आलं, त्याच्यावर या एनसीएमसीची खूण होती. खात्यात कापसाचे पैसे आलेले, त्यामुळं हा निवांत, म्हणे खात्यात एवढे पैसे आहेत तर मेट्रोले काय लागते. गेटवर कार्ड लावलं तर बॅलन्स नाही. खात्यात लाखभर रुपये अन् गेट म्हणते बॅलन्स नाही! तो तिथंच बँकेले फोन लावून भांडायला लागला.

तर भानगड अशी की त्या कार्डाच्या चिपमध्ये एक वेगळं पाकीट असते. गेट फक्त त्या पाकिटातून पैसे घेते, खात्याकडं पाहतही नाही, कारण तिथं गर्दीत पिन विचारायले अन् बँकेच्या उत्तराची वाट पाहायले वेळ नसते. ते पाकीट आपण वेगळं भरायचं. त्यात जास्तीत जास्त २००० रुपये मावतात.

अन् पुढची गंमत अजून बाकी आहे. साळ्यानं मग मोबाइलवरून पाकिटात पैसे टाकले, मेसेजही आला, आता तरी गेट उघडन म्हणून गेला, तरी लाल. कारण मोबाइलवरून टाकलेले पैसे कार्डात आपोआप उतरत नाहीत, स्टेशनवरच्या मशीनले किंवा काउंटरले कार्ड लावून ते आत चढवून घ्यावे लागतात. काउंटरवरच्या पोरीनं अर्ध्या मिनिटात करून दिलं. हे बँकेनं कार्ड देतानी एका ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पण नाही, विम्याचं मात्र पंधरा मिनिटं सांगतात. अन् त्या पाकिटाले पिन नाही, म्हणजे कार्ड हरवलं तर ज्याले सापडलं त्याची मजा, हेही ध्यानात ठेवा.

रिटायर्ड कंडक्टर (जि. यवतमाळ)

वरचे किस्से वाचून हसू आलं. गेट बिचारं एकदा लाल होते अन् चूप बसते, आम्ही रोज तिकिटाच्या त्याच त्या प्रश्नाले शंभर जणांसमोर उत्तर देत होतो.

७५ वर्षांवरच्या लोकांले ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली, अन् १७ मार्च २०२३ पासून बायांले अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वाल्यांले अर्धं होतंच. आता ७५ च्या आजोबाले झिरोचं तिकीट हातात देलं की म्हणत, फुकट आहे ना मग चिठ्ठी कायले, पैसे लावशील मागून. त्यांले सांगा लागे की बाबाजी, सवलतीचे पैसे सरकार महामंडळाले देते, मशीनमधून तिकीट निघालं तरच तुमी बसल्याचा हिशेब लागते. अर्ध्यांले पटे, बाकीचे खिडकीबाहेर पाहत.

कार्डाचं म्हणाल तर २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड निघालं, वर्षाले ४००० किलोमीटरची मर्यादा होती तेव्हा. मग कोरोना आला, मुदतवाढीवर मुदतवाढ. नंतर आधार कार्डावर काम होऊ लागलं तरी म्हातारे लोक ते जुनं कार्ड फेकत नाहीत. वयाचा पुरावा मागितला की अख्खी प्लॅस्टिकची थैलीच हातात देत, आधार, राशन कार्ड, मतदानाचं कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, एकाच्या थैलीत नातवाचा दहावीचा रिझल्टही होता. पाह्य बावा, यातलं तुले जे लागते थे. गाडी फुल, मागून लोक ओरडून राह्यले, अन् मी थैली चाळून राह्यलो.

पाटणबोरीची सून

आमचं गाव पार काठावर, पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. हाफ तिकिटावरून इथं जेवढी वादावादी होते तेवढी कुठंच होत नसेल. पांढरकवड्यावरून आदिलाबादले जाणाऱ्या एसटीत बसलं तर बायांचं अर्धं तिकीट फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढचं पूर्ण. त्यामुळं तिकिटाचा आकडा पाहून माझ्या सासूबाई दरवेळी म्हणतात की हे कोणतं अर्धं.

मग कोणीतरी सांगितलं की तिकडं तर बाया फुकट जातात. ते खरं आहे, तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून सुरू झालं, पण त्यांच्या बसमध्ये, त्यांच्या राज्यात अन् त्यांच्याच राज्याचं ओळखपत्र असेल तर. आता माझ्या नणंदेले आदिलाबादकडं देलं आहे. तिचं आधार तिकडचं, आईचं इकडचं. दोघी एकाच सीटवर बसतात, पोरगी फुकट अन् आई फुल. सासूबाईंनी कंडक्टरले तेलुगूत विचारलं की मी हिची माय आहे, मी कशी परकी? तो हसला बिचारा, पण पैसे घेतले.

आणखी एक, अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, शहर बसची नाही. हे आमच्याकडच्या बायांले शहरात गेल्यावरच कळते.

भाची लंडनले

हे तिकडंही होते बरं. माझी भाची शिकायले गेली आहे. तिथल्या लाल बसमध्ये चढतानी एकदाच कार्ड लावायचं, अन् ट्यूब रेल्वेत (तिथली मेट्रो) चढतानी अन् उतरतानी दोन्ही वेळा. उतरतानी लावलं नाही तर जास्तीत जास्त जे भाडं असेल थे कापून घेतात. अन् आत जाताना फोननं लावलं अन् बाहेर निघतानी त्याच खात्याच्या कार्डानं, तर मशीन त्याले दोन वेगळे प्रवासी समजते! बसमध्ये रोख पैसे तर २०१४ पासून घेतच नाहीत. तिची माय इथून म्हणे, अवं पण सुटे नसले तर? म्हटलं सुट्याचा प्रश्नच संपला माय.

आर्वीचा पोट्टा

@खेड्यावरचा एक कार्ड दोघांत चालते का? आमी दोघं भाऊ नेहमी संगच जातो.

खेड्यावरचा

नाही चालत. एकानं आत लावलं की बाहेर निघेपर्यंत थे कार्ड त्याचंच. दुसऱ्यानं लावलं तर तुझ्या भावाले दिसला तोच लाल लाइट. अन् एकाच्या मागं चिकटून निघायचा प्लॅन असेल तर तोही सोड, गेटमध्ये सेन्सर असतात, मधातच पाखं बंद होतात.

नागपुरात सीताबर्डी स्टेशनले मेट्रोची लाइन बदलायची असेल तर तेही सांगून ठेवतो, गेटच्या बाहेर निघायचं नाही, आतल्या आतच दुसऱ्या फलाटावर जायचं. बाहेर निघाले की तो प्रवास संपला, परत नवीन भाडं.

वरुडची

आईले पुढच्या सोमवारी मेडिकलले न्यायचं आहे. तिचे हात थरथरतात, काठी आहे, अन् ते पाखं फटकन बंद होतात थे पाहूनच तिले भेव वाटते. एसटीनं गणेशपेठ स्टँडले उतरून ऑटोच करावा का?

अचलपूरकर

ऑटोवाला किती घेईल त्यावर आहे. मेट्रोनं न्यायचं तर कार्डाच्या फंदात पडू नका एका खेपेसाठी, काउंटरवरून दोघींचं कागदी तिकीट घ्या अन् दोन्ही तुमच्याचजवळ ठेवा. अन् एक रुंद गेट असते, व्हीलचेअरवाल्यांसाठी, तिथं उभ्या असलेल्या स्टाफले सांगा, सोडतात. लिफ्टही असते.

वरुडची

बरं. तिकीट डब्यात टाकणार नाही 😄