नाच शिकवायचे 'एवढे' पैसे?

तत्कार:
काल एक आई क्लासची चौकशी करायला आल्या. फी ऐकून म्हणाल्या, "तासभर नाचच तर शिकवायचाय, त्याचे एवढे?" शेजारच्या गणिताच्या क्लासला याच बाईंनी वर्षाची फी मुकाट्याने आगाऊ भरलीय. मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची कथक विशारद. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, वर्षाला एक धरली तरी सात वर्षं गेली. नंतर पुण्यात ललित कला केंद्रातून एम.ए. तरीही लोक विचारतात, "मॅडम, बाकी काय करता?" शिकवणाऱ्याचं शिक्षण बघा आणि त्याचा मान ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

दोन मुलींचा बाबा:
मान ठेवूच, पण परीक्षेत तुमचा नाच बघतात, पढंत म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल ऐकतात. सात वर्षांच्या वीस पोरी सांभाळता येतात का, हे कोण बघतं? धाकटीच्या मॅडमही विशारदच होत्या. तासभर मोबाइलवर, आणि मोठ्या मुली लहानांना शिकवायच्या.

ढोलकीप्रेमी:
आणि लावणीचं काय? आमच्या ओळखीच्या मावशी फडात वाढल्या. कागद एकही नाही, पण त्यांच्यासारखी अदा शिकवणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, ठाऊक आहे. पण मावशी या वयात तिथे फॉर्म भरायला जाणार का? तुमचं 'शिक्षण बघा' सुरू झालं की पहिल्या त्याच बाहेर.

तत्कार:
मावशींचा फड हीच त्यांची शाळा, त्यांना कोण अडवतंय! बाबा, तुमचा मुद्दा मात्र मान्य. विशारदला शिकवणं तपासत नाहीत, ते तपासायला हवं. माझा राग दोन दिवसांची कार्यशाळा करून सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास काढणाऱ्यांवर आहे. तशा एका क्लासमधून मुलगी आली, नडगी दुखते म्हणून रडायची. तत्कार, म्हणजे कथकचं मूळ पदकाम, करायला लावला तर पूर्ण तळवा टेकवायच्या ऐवजी नुसती टाच आपटत होती, तीही फरशीवर. दोन वर्षं कुणी टोकलं नव्हतं. मी घुंगरू काढायला लावले आणि महिनाभर नुसतं पाऊल टाकायला शिकवलं. आईचं म्हणणं, "नवीन काहीच शिकवलं नाही, या महिन्याची फी कशाला?"

नववीची आई:
खरं बोलू का? निम्मे पालक नाचाच्या परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी येतात. मीही त्यातलीच. मॅडमना पहिला प्रश्न विचारला, "दोन वर्षांत किती परीक्षा होतील?" आता लाज वाटते.

दोन मुलींचा बाबा:
त्या 'एवढे?' म्हणणाऱ्या पहिल्या बाई परत आल्या का?

तत्कार:
आल्या ना. सोसायटीच्या गॅदरिंगला एक नाच बसवून द्याल का, विचारायला. "तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम!"