नवीन सोशल ॲप चांगलं असूनही लोक तिथे टिकत का नाहीत?

रिकामटेकडा:
मागे आमच्या दहा-बारा जणांच्या कंपूने ठरवून एका नवीन ॲपवर उडी मारली. जाहिराती नाहीत, फीड तारखेप्रमाणे, सगळं कसं स्वच्छ. आठवडाभर धमाल केली. आता उघडलं तर निम्म्या लोकांची शेवटची पोस्ट एकच, "आलो रे मी पण!" आणि त्याखाली माझा एकट्याचा लाइक. मी स्वतःसुद्धा परत जुन्याच ॲपवर पडीक, ज्याला रोज शिव्या घालतो. असं का होतं राव?

खडूस_कोडर:
तुमचे दहा जण आले खरे, पण त्या प्रत्येकाचे बाकीचे दोनशे जण जुन्याच ठिकाणी ना, मग त्याने एकच फोटो दोन्हीकडे टाकत बसायचं का? दोन दिवस टाकेल, तिसऱ्या दिवशी कंटाळेल. गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस आठवा. 2011 ला आलं, सर्कल्सची (ओळखीच्यांचे वेगवेगळे गट करायची) आयडिया भारी होती, पैशाला तोटा नाही, जीमेलवाले आयते हाताशी. आणि 2018 मध्ये गूगलनेच सांगितलं की 90 टक्के सेशन, म्हणजे लोकांच्या तिथल्या फेऱ्या, पाच सेकंदसुद्धा चालत नाहीत. पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला.

निवांत:
मग फेसबुकने त्याच्या आधीच्या मायस्पेस या सोशल साइटला कसं खाल्लं? 2005 मध्ये न्यूज कॉर्प या मीडिया कंपनीने 58 कोटी डॉलर मोजून मायस्पेस घेतलं होतं, सगळे तिथेच होते की तेव्हा.

जुना_खेळाडू:
निवांत, गंमत तिथेच आहे, फेसबुक आधी सगळ्यांसाठी नव्हतंच. 2004 ला फक्त हार्वर्ड, मग एकेक कॉलेज, सगळ्यांना दार उघडलं ते 2006 च्या सप्टेंबरात. त्यामुळे खातं काढलं की वर्गातले, होस्टेलवाले, ज्यांच्याशी रोज बोलणं आहे ते सगळे समोर. एक खोली गच्च भरायची, मग दुसरी उघडायची. आता उलटं करतात, आधीच भलंमोठं मैदान आणि त्यात विखुरलेली पाच माणसं.
टिकटॉकने तर ओळखीपाळखीची भानगडच ठेवली नाही, कुणालाच फॉलो केलं नाही तरी पहिल्या मिनिटाला बघायला माल हजर. आणि इन्स्टाग्रामवाल्यांचंच थ्रेड्स म्हणजे वशिल्याचं तट्टू, इन्स्टाग्रामचं खातं आणि फॉलो लिस्ट आयती मिळाली म्हणून 2023 मध्ये 5 दिवसांत 10 कोटी लोक.

खडूस_कोडर:
त्यात नवीनवाल्याने काही चांगलं काढलं की जुना ते सरळ उचलतो. स्टोरीज स्नॅपचॅटने 2013 ला आणल्या, 2016 ला इन्स्टाग्रामने जशाच्या तशा घेतल्या, नावासकट! मोबाईल नंबर पोर्ट करता येतो तसे फॉलोअर नेता आले असते तर गोष्ट वेगळी. मॅस्टोडॉन या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या सोशल नेटवर्कवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतात म्हणा, पण तेही त्यांच्या त्यांच्यातच.

रिकामटेकडा:
हे वाचून आत्ता ते ॲप परत उघडलं. एक नोटिफिकेशन होतं, हौसेने दाबलं तर ॲपनेच पाठवलेलं, तुमचे मित्र वाट बघतायत म्हणे.