विषय: स्पॅनिशमधले पूर्ण काळ, ‘आबेर’ आणि आपल्या नेहमीच्या चुका

माद्रिदहून

नमस्कार मंडळी,
स्पेनच्या नागरिकत्वासाठी लागणाऱ्या देले आ-दोस (DELE A2) या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या वर्गात पूर्ण वर्तमानकाळ चालू आहे. बहुतेकांच्या वह्यांत दोन चुका हमखास दिसतात. ‘मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या आहेत’ याचं ‘ए एस्क्रितास त्रेस कार्तास’ होतं, आणि ‘मी जेवण केलं आहे’ याचं ‘यो आ कोमिदो’. ‘आबेर’चं रूप अधिक कृदंत (‘लिहिलेलं’, ‘खाल्लेलं’ असं रूप) हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे, तरी हात तिथेच घसरतो. यावर उपाय काय? आणि अनियमित रूपं किती करून घ्यावीत?

वालेन्सियाहून

ताई, नमस्कार.
दोन्ही चुकांचं मूळ मराठीच्या कर्मणी प्रयोगात आहे. ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’, ‘मी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत’, ‘आम्ही चिठ्ठी लिहिली आहे’. कर्ता ‘मी’ असो की ‘आम्ही’, क्रियापद हलतं ते कर्मामुळे. स्पॅनिशमध्ये याच्या नेमकं उलट घडतं: सहायक क्रियापद ‘आबेर’ कर्त्याप्रमाणे चालतं आणि कृदंत जागचं हलत नाही. म्हणून ‘ए एस्क्रितो त्रेस कार्तास’. चिठ्ठ्या तीन असोत की तीनशे, ‘एस्क्रितो’ ते ‘एस्क्रितो’च. ‘यो आ कोमिदो’मध्येही तेच झालंय: मराठीतला ‘आहे’ तृतीय पुरुषी, त्यामुळे तोंडात तृतीय पुरुषाचं ‘आ’ येतं.

रूपं अशी: यो ए, तू आस, एल आ, नोसोत्रोस एमोस, बोसोत्रोस आबेइस, एयोस आन. आदरार्थी ‘उस्तेद’ला ‘आ’ लागतं, ‘आस’ नाही. मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘आर’ असेल तर ‘आदो’, ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘इदो’: आब्लादो, कोमिदो, बिबिदो.

सराव असा घ्या. ‘ए एस्क्रितो ला कार्ता’ हे एकच वाक्य घेऊन सहाही कर्ते फिरवायचे, ‘एस्क्रितो’ला हात लावायचा नाही. मग कर्ता ‘यो’ कायम ठेवून कर्म बदलायचं: उना कार्ता, त्रेस कार्तास, एल लिब्रो, लोस लिब्रोस. या दुसऱ्या फेरीत काहीच बदलायचं नसतं, आणि मराठी माणसाची खरी परीक्षा तिथेच. पहिली फेरी सगळे करून घेतात, दुसरी सहसा कुणी घेत नाही.

अनियमित रूपं आधी अकरा पुरेत: आथेर–एचो, देथिर–दिचो, बेर–बिस्तो, एस्क्रिबिर–एस्क्रितो, पोनेर–पुएस्तो, आब्रिर–आबिएर्तो, कुब्रिर–कुबिएर्तो, मोरिर–मुएर्तो, बोल्बेर–बुएल्तो, रोम्पेर–रोतो, रेसोल्बेर–रेसुएल्तो. उपसर्ग लागलेली क्रियापदं यांच्याच मागे जातात: देबोल्बेर–देबुएल्तो, देस्कुब्रिर–देस्कुबिएर्तो. मात्र बेन्देथिर आणि माल्देथिर ‘दिचो’च्या वाटेने जात नाहीत, पूर्ण काळांत त्यांचं बेन्देथिदो आणि माल्देथिदो होतं. इंप्रिमिरची इंप्रिमिदो आणि इंप्रेसो ही दोन्ही रूपं चालतात, फ्रेइरचंही तसंच. त्यावर वर्गात वेळ घालवू नका.

लेखनात तीन जागा पाहा. पहिली, ‘एचो’ म्हणजे ‘केलेलं’ असेल तर सुरुवातीला मुका ‘आचे’ (h हे अक्षर) लिहायचा. ‘एचार’ (टाकणे) या क्रियापदाच्या ‘एचो’ला तो नाही. दुसरी, लेइदो, ओइदो, काइदो, त्राइदो यांच्या ‘इ’वर आघातचिन्ह हवं, कारण आधी ‘आ’, ‘ए’ किंवा ‘ओ’ आहे. कोन्स्त्रुइदोला ते लागत नाही. तिसरी, ‘आबेर’चा ‘आचे’ उच्चारात ऐकूच येत नाही, म्हणून ‘आ कोमिदो’मधला ‘आ’ चुकून ‘आचे’शिवाय नुसता लिहिला जातो.

‘आबेर’ आणि कृदंत यांच्यामध्ये काहीही घुसत नाही. नकार आणि सर्वनामं दोन्ही आधी येतात: ‘नो लो ए बिस्तो’ (मी ते पाहिलेलं नाही), ‘मे ए लेबान्तादो’ (मी उठलोय). मराठीत आपण ‘पाहिलं नाहीये’ असा नकार मागे टाकतो, म्हणून ‘ए नो बिस्तो’ असली वाक्यं तयार होतात. ‘या’ (आधीच), ‘सिएम्प्रे’ (नेहमी), ‘नुन्का’ (कधीच नाही) यांनाही मध्ये जागा देऊ नका.

कृदंत बदलतं कधी, हे मात्र त्याच तासाला सांगा, नाहीतर विद्यार्थी पुढे गोंधळतात. ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’ (दार उघडं आहे) आणि ‘तेन्गो एस्क्रितास त्रेस कार्तास’ (माझ्या तीन चिठ्ठ्या लिहून तयार आहेत) यांत ‘आबेर’ नाही, म्हणून कृदंत नामाप्रमाणे चालतं. ‘ला कार्ता आ सिदो एस्क्रिता’ (चिठ्ठी लिहिली गेली आहे) यात दोन्ही नियम शेजारी दिसतात: ‘सिदो’ स्थिर, ‘एस्क्रिता’ स्त्रीलिंगी. हे वाक्य फळ्यावर हवंच.

मेक्सिको सिटीहून

नमस्कार. रूपांबद्दल पूर्ण सहमत. वापराबद्दल थोडं लिहिते, कारण यादीवर दोन्ही खंडांतली माणसं आहेत.

माद्रिदमध्ये ‘ओय’ (आज), ‘एस्ता सेमाना’ (या आठवड्यात), ‘एस्ते आन्यो’ (यंदा) आलं की पूर्ण वर्तमान येतो: ‘ओय ए कोमिदो तार्दे’, आज मी उशिरा जेवलेय. ‘आयेर’ (काल) किंवा ‘एन 2019’ (2019 मध्ये) आलं की साधा भूतकाळ. मेक्सिकोत ‘ओय कोमी तार्दे’ हेच रोजचं बोलणं आहे, आणि खुद्द स्पेनमध्ये गालिसिया, आस्तुरियास आणि कानारी बेटांवरही साध्या भूतकाळाकडेच कल असतो. म्हणून मेक्सिकोत पूर्ण वर्तमान नाहीच असं समजू नका. ‘नो आ येगादो’ म्हणजे अजून वाट पाहतोय, ‘नो येगो’ म्हणजे आला नाही, विषय संपला. हा फरक इथे अगदी धारदार आहे.

मराठीचा एक मोठा फायदाही सांगा. ‘मी पाच वर्षं इथे राहतोय’ याला आपण वर्तमानकाळ वापरतो, स्पॅनिशही तेच करतं: ‘बिबो आकी देस्दे आथे थिन्को आन्योस’. इथे विद्यार्थी इंग्रजीवरून गेले की विनाकारण ‘ए बिबिदो’ लिहितात. तसंच ‘ग्रानादाला जाऊन आलोय’ म्हणजे ‘ए एस्तादो एन ग्रानादा’, आणि ‘तो ग्रानादाला गेलाय’ म्हणजे ‘से आ इदो आ ग्रानादा’. मराठीतून विचार केला तर इथे चूक होत नाही.

माद्रिदहून

खूप आभार. दुसऱ्या फेरीचा सराव उद्याच घेते. पुढच्या पातळीचे दोघे विचारताहेत: ‘आधी कळलं असतं तर आलो असतो’ हे कसं बांधायचं?

वालेन्सियाहून

कृदंत तेच राहतं, फक्त ‘आबेर’चा काळ बदलतो. भूतकाळाच्याही आधीचं सांगायचं असेल तर आबिया, आबियास, आबिया, आबियामोस, आबियाइस, आबियान: ‘कुआन्दो येगे, एल त्रेन या आबिया सालिदो’, मी पोचेपर्यंत गाडी सुटली होती. भविष्यासाठी आब्रे, आब्रास, आब्रा, आब्रेमोस, आब्रेइस, आब्रान. या भविष्यरूपाने अंदाजही सांगतात: ‘या आब्रा येगादो’, एव्हाना पोचला असेल. मराठीशी जुळतं, म्हणून पटकन बसतं.

तुमचं वाक्य: ‘सि लो उबिएरा साबिदो, आब्रिया बेनिदो’. मराठीत दोन्हीकडे ‘असतं–असतो’ असल्यामुळे विद्यार्थी दोन्ही भागांत ‘आब्रिया’ घालतात, आणि ते चूक आहे. ‘सि’च्या (जर) भागात ‘उबिएरा’ किंवा ‘उबिएसे’, दुसऱ्या भागात ‘आब्रिया’. दुसऱ्या भागातही ‘उबिएरा’ चालतं, ‘उबिएसे’ मात्र तिथे टाळावं. बास्क प्रांत, नाबारा आणि बुर्गोस भागात ‘सि आब्रिया’ सर्रास कानावर पडेल. ती तिथली बोली आहे, पण परीक्षेच्या कागदावर गुण जातात.